माध्यान्हीची हाक

पौषातली अवस होती. सीनेचे पात्र निम्मे वाळूचे, निम्मे पाण्याचे. पाण्याच्या निम्म्यात आकाश उतरले होते आणि वाळूच्या निम्म्यात टिटवीची पावले उमटली होती. काठावरचा शाळू निसवून उभा होता. कणसांत दूध भरले होते, पात्यांच्या कडांवर दव होते, आणि दवाच्या थेंबाथेंबात एकेक सूर्य होता. इवलासा, पण संपूर्ण.

त्या सकाळी सीनेकाठी सूर्यांची वाण नव्हती. आणि त्याच दिवशी, भर माध्यान्ही, सूर्य नाहीसा होणार होता.

पंचांगात तसे लिहिले होते. खग्रास ग्रहण. चंद्राची सावली पश्चिमेच्या समुद्रावरून येणार, सह्याद्रीचे कडे ओलांडणार, माळांमागून माळ मागे टाकीत धावणार. धानोळी गावावर दोन मिनिटे ती राहणार आणि मग ती पूर्वेला निघून जाणार. चार कोसांवर, आगगाडीच्या रस्त्यालगत, गोऱ्या ज्योतिर्विदांनी पांढरे तंबू ठोकले होते. तिथे पितळी दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून बसल्या होत्या.

धानोळीने आपल्या रीतीने तयारी केली. घागरींवर तुळशीची पाने ठेवली. देव पाण्यात ठेवले, गाभारा लोटून घेतला, पोटुशा बायकांना आतल्या खोलीत बसवले. आणि प्रत्येक उंबऱ्याच्या आत एक सूप भरून ठेवले: चार ओंजळी ज्वारी, एक विटके वस्त्र, वर मिठाचा खडा.

कारण ग्रहण लागले की वेशीबाहेरच्या मांगवाड्यातून माणसे येत. गल्लीगल्लीतून फिरत, दारादारापुढे थांबत आणि हाक देत. दे दान, सुटे गिराण! सुपातले दान त्यांच्या झोळीत पडे, आणि दानाबरोबर त्या घरावरची पीडाही झोळीत पडे. मग गिराण सुटे. पणजा-खापरपणजांपासून धानोळी असे मानत आली होती. हाक प्रत्येक वेळी झाली होती आणि सूर्य प्रत्येक वेळी सुटला होता.

त्या दिवशी मांगवाड्यात झोळ्या नव्हत्या.

०

वेशीबाहेर, कडुनिंबाच्या पलीकडे, मांगवाड्याच्या कडेला मातीच्या भिंतींचे एक प्रार्थनामंदिर होते. त्याला दक्षिणेकडे एकच दार. दाराला फळी नव्हती, पडदा होता, आणि तो पडदा झोळ्यांचा होता. गेल्या रविवारी उपासनेनंतर घराघराने आपली झोळी आणून टेबलापुढे ठेवली होती. पिढ्यांच्या वापराने विरलेल्या, खांद्यावर घासून जाळीदार झालेल्या त्या झोळ्या पाळकाच्या बायकोने, रूथबाईने, एकाला एक जोडून शिवल्या होत्या. सर्वांनी हात वर करून शपथ घेतली होती. यापुढे कुणाची पीडा झोळीत घेणार नाही.

शपथ देणारा रेव्हरंड ओबद्या ऐवळे. काळा कोट, काटकोनात उभी राहणारी मान, पंचेचाळीस वर्षांचे वय. सतरा वर्षे तो या मंडळीचा पाळक होता.

त्याआधी तो राघू होता, ठकाईचा राघू. सात वर्षांचा असताना असेच एक ग्रहण लागले होते, आणि आईचा पदर धरून तो गावात गेला होता. एका उंच जोत्यावरून एका बाईने सूप उपडे केले. स्पर्श होऊ नये म्हणून पुष्कळ वरून. ज्वारी पावसासारखी पडली. एक दाणा त्याच्या पापणीवर आपटला. वरून शब्द आले, "घ्या, आमची पीडा घेऊन जा!"

वाटेत त्याने विचारले होते, "आय, ती पीडा आता आपल्याकडं ऱ्हाईल?"

ठकाई म्हणाली होती, "ऱ्हाईना का. आपल्याला सवय हाय."

तो दाणा पापणीवरून केव्हाच ओघळला; त्याची वेदना मात्र डोळ्यात राहिली.

एकोणिसाव्या वर्षी, मिशनच्या शाळेत, मास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या. टेबलावर दिवा ठेवला, दिव्यापुढे लिंबू धरले, लिंबामागे कवठ. लिंबाची सावली कवठावर पडली. गोल, काळी, निर्विकार सावली. मास्तर म्हणाले, हेच ग्रहण. एवढेच ग्रहण.

त्या सावलीला जात नव्हती. ती कुणाची पीडा नव्हती. ती कुणाच्या झोळीत मावणारी नव्हती. राघू बाकावर बसून रडला. ज्याने सूर्य आणि चंद्र असे नियमाने फिरवले, त्या देवाचा हात आपल्याला धरता येईल, असे त्याला वाटले. आणि त्या चैत्रात सीनेच्या कमरेएवढ्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. ठकाई पाण्यात उतरली नाही. कोरडे धोतर हातात घेऊन ती काठावर उभी राहिली. तो वर आला तेव्हा एवढेच म्हणाली, "ओला ऱ्हाऊ नगंस."

असे त्याचे धर्मांतर झाले होते. उजेडातून. उदाहरणातून. त्यात काही खोटे नव्हते.

फक्त त्याच्या कवितेला कळत होते की काहीतरी उरले आहे.

तो अभंग रची. सतरा वर्षांत एकेचाळीस. अक्षरे नेमकी, यमके नेमकी, शेवटच्या चरणात आपली मुद्रा: ओबद्या म्हणे. मंडळी ते गात, पाठ करत, आणि पुस्तक मिटले की विसरत. शब्द ज्या त्या जागी होते, चाल ज्या त्या जागी होती. गाताना अंगावर काटा मात्र कधी आला नव्हता. मंडळीतले सर्वांत म्हातारे, हलगी वाजवण्यात हयात गेलेले लखूतात्या एकदा म्हणाले होते, "पाळकसाहेब, तुमचं गानं चुन्याच्या भिंतीवानी हाय. पांढरं, सरळ. टेकून बसाया ब्येस. पन तिच्यात चिमनी घर करंना."

सगळे हसले होते. ओबद्याही हसला होता. आणि रात्री जागा राहिला होता.

०

अकरा वाजून गेले तेव्हा सूर्याच्या पश्चिम कडेला पहिला दंश झाला.

प्रार्थनामंदिरात मंडळी जमली होती. दिवा पेटला होता. ओबद्याने एका हातात लिंबू धरले होते, दुसऱ्यात कवठ. मास्तरांनी धरले होते तसेच.

"लिंबू लई बारीक हाय की, पाळकसाहेब," मागून एक बाई म्हणाली. "त्ये येवढ्या सूर्येनारायनाला कसं झाकंल?"

"जवळ असलं की झाकतं," ओबद्या म्हणाला. "डोळ्यापुढं बोट धरा. डोंगर झाकतो का न्हाई?"

"झाकतो बया!"

"गिरान सुटल्यावर लिंबू मला द्या," लखूतात्या म्हणाले. "खोकला झालाय. कवठ ऱ्हाऊ द्या तुमास्नी."

हशा पिकला. त्या हशातून रूथबाई वाट काढीत पुढे आली. तिचा चेहरा हसत नव्हता.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई घरात न्हाईत. खुंटीवरची झोळी बी न्हाई."

एक झोळी उरली होती. ठकाईची. ती मंडळीत नव्हती, तिने हात वर केला नव्हता, तिच्याकडे झोळी मागण्याचे धाडस कुणाला झाले नव्हते. सत्तर वर्षांची ठकाई. डोळ्यांत मोतीबिंदूची साय, छातीत पौषाचा कफ.

हशा थांबला. सर्वांनी ऐकले होते. सर्वांच्या नजरा पाळकावर होत्या. आणि पाळकाला त्या नजरांतला प्रश्न वाचता येत होता. आमच्या झोळ्या दाराला टांगल्या, तुमच्या आईची गावात फिरते. मग शपथ कुणाची?

त्याने लिंबू आणि कवठ टेबलावर ठेवले. पडदा बाजूला केला. आईला परत आणण्यासाठी तो बाहेर पडला.

०

बाहेरचा उजेड ओळखीचा नव्हता.

ते संध्याकाळचे ऊन नव्हते. संध्याकाळचे ऊन तांबूस असते, मऊ असते. हे ऊन कथिलाच्या रंगाचे होते, पातळ होते, धारदार होते. सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. स्वतःच्या सावलीत ओबद्याला स्वतःचे केस एकेक वेगळे दिसत होते.

वारा पडला. मग थंडी आली. जमिनीतून यावी तशी, घोट्यांपासून वर.

शेळ्या हाकाऱ्याविना घराकडे वळल्या होत्या. कावळे पिंपळावर उतरत होते. नदीकाठच्या चिंचेची पाने मिटू लागली होती. कुणी काही सांगितले नव्हते, कुणी लिंबू आणि कवठ दाखवले नव्हते, तरी पानाला कळत होते, पाखराला कळत होते.

वेशीतल्या कडुनिंबाखाली तो थबकला. जमिनीवर सूर्य पडले होते. पानापानांमधल्या फटींतून उतरलेले शेकडो सूर्य, आणि सगळेच कोरीच्या आकाराचे. नखाएवढ्या कोरी, विळ्याएवढ्या कोरी, एकमेकींवर चढलेल्या, थरथरणाऱ्या. जणू एका सूर्याची वेदना प्रत्येक फटीला वाटून दिली होती.

त्या कोरींच्या मधोमध ठकाई उभी होती. खांद्यावर झोळी. एक हात झाडाच्या खोडावर. दुसऱ्या हाताने तिने पदर पुढे धरला होता. ती तोंड उघडत होती, मिटत होती. आवाज येत नव्हता.

"आय!" तो धापा टाकीत म्हणाला. "घरला चल."

"कोन? राघू?" तिचा आवाज वाळल्या पानासारखा होता. "बरं झालं आलास. आवाजच निघंना रं. सकाळपास्नं कफानं धरलंय."

"तुला कशाला पायजे आवाज? घरात जवारी न्हाई का? रूथ तुला जेवाया घालत न्हाई का?"

"जवारीचं कोन बोलतंय?" ठकाई खरोखरच चकित झाली. "जवारीसाठनं म्या इतकं चालत आले व्हय?"

"मग?"

"समदी तुझ्या देवळात बसली. मागनारं कोन ऱ्हायलं? येक बी हाक न्हाई गावात. येक बी न्हाई, राघू. म्या कान दिऊन ऐकलं." तिने पदराचे टोक घट्ट केले. "तू लोकास्नी लिंबाकवठाचं सांगतूस त्ये खरं असंल. तू शिकलायस. पन कुनी झाकलं गेलं तर त्याच्यासाठी मागाया नगं? कुनीतरी उभं ऱ्हायाला नगं?"

इतकी वर्षे ओबद्या समजत होता की त्याची आई दारोदार अपमान मागत फिरली. ठकाई मात्र प्रत्येक ग्रहणात सूर्य मागत होती.

तेवढ्यात पश्चिमेचा माळ काळवंडला.

ढगाची सावली अशी येत नाही. ढगाची सावली हळू येते, चुकत येते. ही सावली पुरासारखी आली. निःशब्द, उंच, क्षितिजाएवढी. तिच्यापुढे धुळीच्या रस्त्यावरून फिकट लाटा सरपटत गेल्या, पाण्याच्या तळाशी कवडसे सरपटावेत तशा. पायांखालच्या कोरी बारीक झाल्या, दोऱ्याएवढ्या झाल्या, तुटल्या.

सूर्य गेला.

ओबद्याने वर पाहिले.

आकाशात, जिथे सूर्य असतो तिथे, एक काळे बिंब होते. काळ्याहून काळे. आणि त्या बिंबाभोवती मोतिया तेजाच्या पाकळ्या उमलल्या होत्या. लांब, रेशमी, निश्चल. वितळल्या चांदीचे तंतू कुणी विंचरून ठेवावेत तशा. जवळच शुक्र लखलखत होता. चारही क्षितिजांवर एकाच वेळी तांबडे फुटले होते. पूर्वेला पहाट, पश्चिमेला पहाट, उत्तरेला, दक्षिणेला. आणि मध्ये हा अंधार, आणि अंधाराच्या माथ्यावर हे फूल.

हे लिंबात नव्हते. हे कवठात नव्हते. मास्तरांच्या दिव्याने हे दाखवले नव्हते. सूर्याला हे तेज नेहमीच असते, रोज असते, प्रत्येक दुपारी असते. आणि सूर्य झाकला गेल्यावाचून ते कुणालाही दिसत नाही.



"गेला का रं?" ठकाईने विचारले. सायीमागच्या डोळ्यांना फक्त थंडी कळत होती.

"गेला, आय."

"मग माग की, लेकरा! मला आवाज न्हाई."

दोन मिनिटांत सूर्य सुटणार, हे त्याला ठाऊक होते. हाकेने तो निमिषभरही लवकर सुटणार नाही, हे ठाऊक होते. प्रभू क्रुसावर असताना भर माध्यान्ही, सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, अंधार पडला होता तोही ग्रहणाचा नव्हता. तेव्हाचा सण पौर्णिमेच्या सुमाराचा, आणि पौर्णिमेला सूर्यग्रहण होत नाही, हेही त्याने मंडळीला कितीदा समजावून सांगितले होते. सगळे ठाऊक होते. आणि सगळे ठाऊक असलेला तो माणूस, काळ्या कोटातला, काटकोनी मानेचा, आईशेजारी उभा राहून हळूहळू दोन्ही हात पसरू लागला.

हात पसरताच त्याला दिसले.

नगराबाहेर, वेशीबाहेर, भर माध्यान्हीच्या अंधारात, आणखी कुणीतरी असेच हात पसरून उभे होते. घराघराची दारे बंद होती. घराघराची पीडा वरून ओतली जात होती, स्पर्श न करता, पुष्कळ उंचावरून. आणि तो ती घेत होता. म्हणत होता, राहू दे माझ्याकडे. ज्याला तो सव्वीस वर्षे उंच उजेडात शोधत होता, तो इथे, या कडुनिंबाखाली, झोळी घेणाऱ्यांच्या रांगेत, ठकाईच्याही पुढे उभा होता. सात वर्षांच्या एका मुलाने पीडेबद्दल विचारले होते, ते त्यालाच विचारले होते.

"दे दान!"

आवाज ओबद्याच्या छातीतून आला. पाळकाचा नव्हे, राघूचा. अडतीस वर्षे आत दडलेला, उघडा, मोठा, आईच्या गळ्याचा आवाज.

"दे दान! सुटे गिराण!"

पिंपळावरचे कावळे दचकले. बंद दारांवर हाक आदळली, नदीवर गेली, पलीकडच्या काठावरून परत आली. पुन्हा त्याने हाक दिली. पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पापणीवरून, त्या जुन्या दाण्याच्या जागेवरून; आणि ठकाई आवाज नसलेल्या ओठांनी त्याच्या हाकेवर हाक ठेवीत होती.

आणि काळ्या बिंबाच्या कडेला प्रकाशाचा एक थेंब फुटला.

एकच थेंब. पण त्या एका थेंबाने सीना भरली, माळ भरले, शाळूची कणसे भरली. आकाशातले फूल मावळले. कोंबडे आरवले. कडुनिंबाखाली कोरी परत आल्या, आता दुसऱ्या बाजूला तोंड केलेल्या.

"सुटला," ठकाई म्हणाली. तिच्या गालांना ऊब कळली होती.

एक दार कुरकुरले. उंच जोत्यावर सूप घेतलेली एक बाई आली. "अगं ठके, आज एवढा उशीर? इथं आमचा जीव जायची वेळ आली! धर झोळी."

मग तिला काळा कोट दिसला, आणि सूप हातात तसेच राहिले.

ठकाईने मान हलवली. "ठेवा बाई घरात. आज मागनाऱ्याला दान नगं हाय."

रिकामी झोळी रिकामीच परत निघाली.

०

प्रार्थनामंदिरात सगळे उठून उभे होते. हाक इथवर आली होती. आई पडद्याआत दाराशी टेकून बसली. आत येणे तिने कधी मान्य केले नव्हते, बाहेर उभे राहण्याची तिची ताकद संपली होती. ओबद्या टेबलापाशी गेला. मंडळी त्याच्याकडे पाहत होती.

"वळखीचा आवाज व्हता," लखूतात्या हळूच म्हणाले. "वाटलं, पाळकसाहेबांचा न्हवं. आपल्या आज्याचा."

"मीच होतो, तात्या." ओबद्याने टेबलाला धरले. "मी मागितलं. आणि मला दिसलं की ते आधीच दिलेलं आहे."

मग तो गायला. कागद नव्हता. वाटेवर, आईचा हात धरून चालताना, एकेका पावलाला एकेक चरण आला होता.

भर माध्यान्हीला । दाटला अंधार ।
मिटले गा दार । घरोघरी ॥

वेशीच्या बाहेर । पसरून हात ।
उभा अंधारात । माझ्यासाठी ॥

जगाची ती पीडा । घेतली पदरी ।
मग सूर्य दारी । उगवला ॥

ठकीचा हा लेक । म्हणे, दिले दान ।
सुटले गिराण । या जीवाचे ॥

शेवटचा चरण ऐकून दाराशी बसलेल्या ठकाईने मान वर केली. एखाद्या अभंगात आपले नाव येईल, असे तिला कधी वाटले नव्हते.

लखूतात्यांनी आपला हात पुढे करून शेजाऱ्याला दाखवला. सुरकुतलेल्या कातडीवर काटा उभा होता. मग त्यांनी गुडघ्यावर ठेका धरला, हलगीचा, जुना; आणि दुसऱ्या खेपेला मंडळीने पाळकाची वाट पाहिली नाही. कुणी शिकवले नव्हते, कुणी सांगितले नव्हते, तरी चरण तोंडातोंडांतून वर आले. पानाला कळावे तसे. पाखराला कळावे तसे.

गात गात तासभर गेला. दक्षिणेच्या दारातून ऊन पडद्यावर आले होते. झोळ्यांच्या पडद्यावर, खांद्याखांद्यांनी विरवलेल्या, जाळीदार. एकेका भोकातून एकेक सूर्य आत उतरत होता. अजून अपुरा, अजून कडेने खाल्लेला. आणि दाराशी बसलेल्या म्हातारीच्या ओच्यात, अजून पसरलेल्या पदरावर, मुकाट पडत होता.

मांडीला ऊब लागली तशी ठकाईने चाचपून पाहिले. हाताला काही लागले नाही.

"राघू," तिने विचारले, "काय पडलं रं पदरात?"

गाणे चालू होते. ओबद्या तिच्यापाशी येऊन वाकला. त्याने पाहिले. कोरी भरत होत्या. एकामागून एक भरत होत्या.

"ऊन पडलंय, आय."

"किती?"

शेवटचा चरण पुन्हा एकदा उठला, टेकला, विसावला. आणि म्हातारीच्या विटक्या पदरात, पिढ्यांच्या भोकाभोकांतून उतरलेले, सगळेच्या सगळे सूर्य गोल झाले.